विमानाचं दार दाखवा!

३ मार्च, सकाळी
आजपासून रोजनिशी. मी बोलते, फोन लिहितो. मला अक्षर येत नाही, त्यामुळे ही अगदी सुरक्षित. मी स्वतःसुद्धा वाचू शकत नाही.
संकल्प : कोणाशी वाद घालायचा नाही.

३ मार्च, दुपारी
वाद घातला. माझा इलाज नव्हता. गेल्या महिन्यातल्या वादळात टेकडीपलीकडे मालाचं विमान पडलं म्हणतात. आत दोन पायलट आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. दोघेही कपडे झटकत चालत आले म्हणे. शेजारच्या थोरल्या जाऊबाईंनी पेपरातला अहवाल वाचून दाखवला : सगळे तुकडे सापडले, फक्त पायलटांचं चढायचं दार नाही. मी म्हटलं, दार नाही तर विमान कसलं? तर चारचौघींत म्हणाल्या की, तुला एक अक्षर वाचता येत नाही, तू कशाला विमानात नाक खुपसतेस!
हे विसरणार नाही. फोना, ठळक लिही.

५ मार्च
सूनबाईकडून ‘खरं काय ते’ या ग्रुपमध्ये नाव घालून घेतलं. चार हजार माणसं, सगळी माझ्यासारखी विचारी. ती लिहितात ते फोन मला मोठ्याने वाचून दाखवतो. एक म्हणतो, तुकडे ट्रकने आणून टाकले. ‘गरुडदृष्टी’ नावाचा म्हणतो, फोटोत सावल्या उलट्या बाजूला पडल्यात. मी आवाज रेकॉर्ड करून एवढंच विचारलं : दार कुठंय? सहाशे अंगठे आले. शिकलेल्यांचे!

८ मार्च
जाऊबाईही ग्रुपमध्ये शिरल्यात. माझ्यावर पाळत. मी सर्वांसमक्ष शपथ घेतली : दार सापडलं तर स्वतःच्या पायांनी त्यांच्या घरी जाईन आणि म्हणेन, तुमचं बरोबर, माझं चूक. चाळीस वर्षांत असं एकदाही म्हटलेलं नाही. आताही वेळ येणार नाही.

९ मार्च
अंडी तीन. खुराड्याचं नवं छप्पर कोंबड्यांना मानवलंय. त्या वादळात कुठून तरी उडत आलं. दूधवाल्याला हाताशी धरून वर चढवलं. गोल कोपरे, उजेडाला काचेची खिडकी, शिवाय लाल मूठ. तिला डबा छान अडकतो. वर लाल अक्षरांत काहीतरी लिहिलंय. कारखान्याचं नाव असणार. सून कोंबड्यांना भिते, तिकडे फिरकत नाही. नाहीतर वाचून घेतलं असतं.

१२ मार्च, सकाळी
जाऊबाईंनी ग्रुपमध्ये लिहिलं की वाऱ्याने दार लांब उडालं असेल. मग मी पुरावाच टाकला. खुराड्याचा फोटो. म्हटलं, वाऱ्याने पत्रे उडतात हे मलाही ठाऊक आहे. माझ्याकडेही आलाय. म्हणून मी त्याला विमान म्हणाले का?
ग्रुप गप्प. चार हजार जणांची बोलती बंद!

१२ मार्च, दुपारी
अजून गप्प. भिंतीपलीकडे जाऊबाईंना खोकल्याची मोठी उबळ आलीय. मधूनमधून हसल्यासारखी वाटते.

१४ मार्च
दोन साहेब आले. फार नम्र. टेपने छप्पर मोजलं, नंबर जुळवला. एकाने लाल अक्षरं वाचली : उड्डाण सुरू असताना मूठ फिरवू नये. मी म्हटलं, आमच्या कोंबड्यांनी कध्धी फिरवली नाही. दुसरे साहेब तोंड फिरवून उभे राहिले. छप्पर गाडीत घातलं. डबा परत दिला.

१५ मार्च
संकल्प : शपथ उद्या पाळायची.
आभाळ भरून आलं, कोंबड्या उघड्यावर. गेले. म्हटलं, जाऊबाई, तुमचं बरोबर. त्यांना ऐकू आलं नाही. पुन्हा म्हटलं. तरी नाही. तिसऱ्यांदा ओरडून म्हटलं, तर म्हणाल्या की, अगं, ऐकू पहिल्यांदाच आलं होतं, गोड वाटलं म्हणून. मग जुन्या कपाटाचं दार काढून दिलं. वर म्हणाल्या, यावर काही लिहिलेलं नाही, तरी मी वाचून ठेवलंय.

१६ मार्च
ग्रुपचा निकाल लागला. दार खोटं. खुराडं खोटं. गरुडदृष्टीने सिद्ध केलं की अशी आजी मुळात अस्तित्वातच नाही. जाऊबाईंनी लिहिलं, आहे हो, चाळीस वर्षं सोसतेय. कोणी विश्वास ठेवला नाही.
मी फोटो पुन्हा उघडला. कोंबडीची सावली... फोना, कोणाला सांगू नकोस, पण जरा उलटीच वाटते.