‘असामान्य’ आलेला रिपोर्ट

४ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अ. उ. आ.

इकडे सगळे खुशाल. मागे कारखान्यात आम्हा बायकांची तपासणी झाली होती, तिचा रिपोर्ट आला. गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी म्हणे ‘असामान्य’. शाळेत मला कुणी सामान्यसुद्धा म्हटलं नव्हतं, म्हणून तुझ्या भावोजींना दोनदा वाचून दाखवलं. खाली ‘कॉल्पोस्कोपीसाठी यावे’ असंही आहे. एवढ्या असामान्य आहेत, तर फोटोबिटो काढत असतील. कागद कपाटात जपून ठेवलाय.

मुलांना गोड पापा.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हसावं की रडावं कळेना. दवाखान्याच्या खिडकीवर बसून मी रोज असले रिपोर्ट वाटते. अगं, तिथे असामान्य म्हणजे थोर नव्हे, काहीतरी बिघडलंय. कर्करोगच असेल असं नाही, बहुतेकदा नसतोच. पण कॉल्पोस्कोपी म्हणजे दुर्बिणीतून तपासणी, ती केल्याशिवाय कळत नाही. उद्याच्या उद्या तारीख घे. दुखत नाही म्हणून चालढकल केलीस तर मी मुक्कामाला येईन, आणि माझं घोरणं तुला ठाऊक आहे.

माया आहे म्हणून रागावतेय.

तुझी चिमी

६ मार्च

चि. चिमीस,
अ. उ. आ.

जाऊन आले. डॉक्टरीणबाईंची दुर्बीण बाहेरच असते, आत नुसता उजेड. मग त्यांनी तिथे चक्क व्हिनेगर लावलं आणि पडद्याकडे बघा म्हणाल्या. गुलाबी, ओलसर, गोल असं काहीतरी होतं, आणि मिनिटभरात त्याच्या कडेला पांढरा डाग उमटत गेला. कारखान्यात वीस वर्षं मी दिव्यावर कापड ताणून दोष हुडकते. स्वतःचा दोष असा समोर उमटताना पाहिला. भीती वाटली, पण नवल त्याहून जास्त. तीन लेकरं या दारातून आली आणि ते मी सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहत होते. मला खोकायला सांगून त्यांनी तपासायला दोन कण चिमटून घेतले. जरा कळ आली, इतकंच.

काल निकाल आला. कर्करोग नाही. तशाच सोडल्या तर पुढे होऊ शकतो अशा पेशी आहेत. मंगळवारी तेवढा भाग काढणार.

घरी येऊन खूप रडले, स्वतःसाठी नव्हे. आई गेली तेव्हा माझ्याएवढीच होती. ‘बायकांचं दुखणं’ म्हणाले सगळे, आणि तिला कुणी एकदाही तपासलं नाही.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी ताई