रिकामी बादली

१० जून

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

आमच्या खात्याची फळयोजना तुझ्याच शाळेपासून सुरू होतेय. पहिलीच्या प्रत्येक पोराला रोज एक सफरचंद. कापलेलं काळं पडतं, म्हणून अख्खंच द्यायचं. टाकलेली फळं बादलीत, बादलीचं वजन माझ्याकडे. कमी भरलं तर सगळ्या शाळांना फळं; जास्त भरलं तर साहेब गाशा गुंडाळायला सांगतील. शाळेच्या स्वयंपाकघरात तू आहेस, म्हणून मला घोर नाही. काही अडलं तर मात्र स्पष्ट कळव.

तुझ्या हातचे धपाटे विसरलो नाही, मायाही.

तुझा गुंड्या

२ ऑगस्ट

चि. गुंड्यास अ. उ. आ.

बादली रिकामी! लहानपणी ताटाखाली भाजी लपवणारा तू, आता गावाला फळं खाऊ घालतोस. तुझं नाव निघालं की माझी मान ताठ होते. शिपाईमामांची शेळी मात्र अलीकडे अंगानं फार सुटलीय, सगळे हसतात.

जेवणाची आबाळ करू नकोस. आशीर्वाद आहेतच.

आत्या

२१ जानेवारी

ती. आत्यास शि. सा. न.

तुझ्या बादलीच्या भरवशावर शंभर शाळांत फळं सुरू केली. सगळीकडे बादल्या ओसंडल्या. काल योजना बंद झाली. साहेबांनी विचारलं, त्या एका बाईंनी असं काय केलं? तू सांगशील?

गुंड्या

२७ जानेवारी

चि. गुंड्यास अ. उ. आ.

काय सांगू बाबा! पोरांचे पुढचे दात पडलेले. अख्ख्या सफरचंदाला नुसता ओरखडा काढायची आणि बादलीत टाकायची. वजनाआधी मीच ती उपसून शेळीपुढे टाकत होते. तुझी मान खाली जायला नको, एवढंच डोक्यात. सुरी हाताशी होती रे. पण तू अख्खं लिहिलंस म्हणजे ते बरोबरच असणार, असं धरून चालले. तुझे दात पडले तेव्हा मीच तुला फोडी भरवल्या होत्या. तूही विसरलास, मीही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत शंभर शाळांची फळं गेली.

हे पत्र साहेबांना दाखव. माझं काय व्हायचं ते होऊ दे.

परवा शेवटच्या पेटीच्या फोडी करून वाटल्या. काळ्या पडायला उरल्याच नाहीत. बादलीत नुसते देठ आणि बिया. एका बोळक्या पोरीनं विचारलं, उद्या पण अशाच देणार ना. मी बादली विसळत राहिले.

रागाव, पण पत्र टाकणं सोडू नकोस.

तुझी आत्या