डाव्या बाजूला बसून

सुचित्रा,

कुकर झालाय, बांगडे साफ करून फ्रिजमध्ये ठेवलेत. मी परळला डॉक्टरांकडे चाललोय, एकटाच. फोन करून ओरडू नकोस.

कानातली गाठ कॅन्सरची नाही, बारीक आहे. काढली तर डावा कान कायमचा जाईल. थांबलो तर सहा महिन्यांनी परत एमआरआय. मी थांबतो म्हणून सांगणार आहे.

सगळ्यांसमोर तू "काढूनच टाका" म्हणतेस. काल मात्र मेथी निवडताना मुद्दाम माझ्या डाव्या बाजूला येऊन बसलीस आणि हळूच म्हणालीस, "ऑपरेशन नको हो, मला भीती वाटते."

तो कान अजून पुरता गेलेला नाही गं. पुढच्या वेळी घाबरलीस की उजवीकडे बस.

हितेंद्र