सादी मानसं

४ फेब्रु.
'अक्कलकोटकडून येऊन सोलापुरात राहिलेल्या माझ्या माणसांनो, तुम्ही तोंड उघडलंत की लोक हसतात.' सुरुवात ठरली. २७ला गल्लीच्या मंडळात भाषादिन, माझं भाषण, विषय साधेपणा. गाभा नेहमीचाच. साध्, साधना, साधा. ज्याला जगणं साधलं, तो साधा. या वाक्याला टाळी हमखास.

९ फेब्रु.
महादेवीबरोबर चादर घ्यायला नरसय्याच्या दुकानात. "नक्षीची नको सर, सादा घ्या. लई टिकतं." मी सवयीनं, "साधा." तो हसला. "आमच्या तेलुगूत सादाच हाय की."
महादेवी कोऱ्या चादरीवरून हात फिरवत होती. "कन्नडातपण," एवढंच म्हणाली. लग्न होऊन दुधनीहून आली तेव्हापासून हा शब्द मी तिचा सुधारत आलोय.

११ फेब्रु.
दुपारी जुना कोश काढला. 'साधा'पुढे फारसीची खूण. मूळ सादा. कोरा, बिननक्षीचा. म्हणजे ध आपला, मागाहूनचा. साधूच्या ओढीनं आला असेल.
कोश छातीवर ठेवून पडलो. मागच्या गल्लीत माग चालू. झोप की जाग, कळेना. शब्द पांढऱ्या ठाणासारखा लांबून उलगडत येताना दिसला. गावंच्या गावं ओलांडून. दुधनीत, मैंदर्गीत कोणी त्याला हात लावला नाही. माझ्या उंबऱ्याशी आला आणि मी काठ शिवायला बसलो.

१२ फेब्रु.
गल्लीच्या मंडळाचं जुनं संमेलन आठवलं. आमची मुलगी रूपा तेव्हा बालवाडीत. महादेवी पहिल्यांदा माइकपुढे. "आमी सादी मानसं..." आणि पहिल्या रांगेतून मी, मोठ्यानं, "साधी. ध, ध." मांडव हसला. ती खाली बसली. परत माइकजवळ गेली नाही. आजही चारचौघांत तोंड उघडण्याआधी माझ्याकडे बघते.
भाषणातले ते हसणारे लोक. कोण ते, हे लिहिताना मला...

१९ फेब्रु.
आज महादेवीला सांगितलं. कोश पुढे धरला. चष्मा लावून दोनदा वाचलं तिनं.
"म्हंजे मी बरोबर होते."
"हो."
"आणि तुमची टाळी गेली की."
मग कन्नडवर आली. फार रागावली किंवा फार खूश झाली की येते. "एन्री," म्हणजे 'अहो', एवढंच. पुढचं पुन्हा मराठीत, हळू. "तुमच्यासाठी मी तो ध पाठ केला."
२७ला बोलशील का, विचारलं.
"काय बोलू?"
"राहिलेलं वाक्य."
ज्वारी निवडत राहिली.

२६ फेब्रु.
टाळीचं वाक्य खोडलं. त्या जागी कोशातला शब्द आणि संमेलनाची हकिकत, माझ्या नावासकट.
खुर्चीच्या पाठीवर तिची फिकट निळी साडी, इस्त्री केलेली. येणार का, विचारलं नाही. पुढे बसणार की मागे, तेही नाही.
शेवट लिहिला. 'त्या दिवशी तुम्हा सगळ्यांना हसवलं ते मी. महादेवी, इथं ये, माइक घे आणि ते वाक्य तुझ्या तोंडानं पुरं कर.'