घड्याळाला आधी कळलं

बाबा, दोन महिन्यांपूर्वी माझ्या हातांखाली एक माणूस परत आला, आणि हे तुम्हाला सोडून दुसऱ्या कोणाला नीट सांगता येईना.

तुम्ही रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होता आणि तिथल्या प्रथमोपचार पथकातही होता. एका रविवारी सरावाला मला सोबत नेलंत. रबरी पुतळ्याची छाती दाबणारे ते मोठे मोठे लोक पाहून मला हसू आलं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हसून काहून राहिली? उद्या असा कोणाचा बापही पडन." मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. पुढे तुम्हीच स्वयंपाकघरात चहा पिता पिता कोसळलात. मी बावीस वर्षांची होते. आई शेजाऱ्यांना हाका मारत होती आणि मी तुमच्या तळपायांना तेल चोळत बसले होते. दुसरं काही सुचलंच नाही.

आता मी इकडे हिंदी मुलखात, तेलीबांध्याला राहते. आमच्या वसाहतीतले दहा-बारा जण छाती दाबायला शिकलो आहोत. ज्यांचं हृदय कमजोर आहे ते मनगटावर एक घड्याळ बांधतात. नाडी लागेनाशी झाली की ते आधी त्या माणसालाच थरथरून हाक मारतं. तो हलला नाही, तर ॲम्ब्युलन्सला निरोप जातो आणि जवळपासच्या आम्हा लोकांचे फोन वाजतात.

त्या सकाळी मी पोळ्या लाटते आहे आणि फोन वाजतो. समोरची इमारत, दुसरा मजला. गॅस बंद करून तशीच धावते. दार उघडंच आहे. काकू बाल्कनीत बिजौरी वाळत घालताहेत, आपल्या सांडग्यांसारखीच असते ती. काका टीव्हीसमोर खुर्चीत, मान खाली. "सो रहे हैं, दीदी," काकू हळूच म्हणतात, "अभी दवाई खाई है." मी खांदे हलवते. श्वास नाही. आम्ही दोघी मिळून त्यांना जमिनीवर निजवतो आणि मी दाबायला लागते. कणकेचे पंजे त्यांच्या सदऱ्यावर उमटतात. एक बरगडी कडकन वाजते.

"टूट गया क्या?" काकू विचारतात.

"हव, काकी. टूटने दीजिए."

चौकीदार खालून झटका देणारी पेटी घेऊन येतो. पेटी हिंदीत सांगते, दूर हटिए, आम्ही हटतो. झटका बसतो, मी पुन्हा दाबू लागते, आणि जरा वेळाने काका माझा हात ढकलायला बघतात. इतकं गोड ढकलणं मी आयुष्यात पाहिलं नाही. दाबताना तुम्ही आठवला नाहीत, बाबा. डोक्यात नुसते आकडे होते.

परवा दोघं घरी आले. "पसली अभी भी दुखती है," अशी तक्रार करत काकांनी दोन कप चहा घेतला. काकूंनी बिजौरीचा डबा दिला. ते गेल्यावर मी उगीच बराच वेळ ओटा पुसत राहिले. मन भरून आलं होतं.

हे पत्र वहीतच राहील. पण एक गोष्ट मी त्यांनाही सांगितली नाही. त्याआधी हिवाळ्यात एकदा माझा फोन वाजला होता, मागच्याच गल्लीतला पत्ता. मी चप्पल घालून दारात उभी राहिले, आणि गेले नाही. दुसरं कोणीतरी पोचलं आणि तो माणूस वाचला. वसाहतीतल्या बाकीच्यांनी मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, फोन सायलेंटवर होता.