जवसाचा तांबेरा

बाबा, काकाकडून परत आल्यापासून मला एका जागी बसवत नाही. मजकूर लिहायला घेतो आणि उठतो. खिडकीशी जाऊन कचेरीकडे चाललेली माणसं बघतो, त्यांच्याबद्दल काहीतरी वाकडं सुचतं आणि तेही लिहावंसं वाटत नाही. माझ्या बाबतीत हे लक्षण गंभीर आहे, कारण बुलढाण्यात मी वाकडं लिहिण्यावरच जगतो. 'पोरगं शेतकी शिकलं अन् लोकायच्या उखाळ्यापाखाळ्या काढून पोट भरून राह्यलं,' असं तुम्ही पारावर सांगायचात, आणि माझ्या साप्ताहिकाचा अंक गावात आला की पहिला तुम्हीच उघडायचात, हे मायनं मला सांगितलेलं आहे. तुमच्याशी एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे. पण आपल्या घरात कुठलीही गोष्ट सरळ बोलण्याची पद्धत नाही, म्हणून आधी जवसाचं बोलतो.

नवं राज्य होऊन फार काळ झाला नव्हता. तहसिलीच्या पाटीवरचा रंग अजून चकाकत होता आणि भाषणांत सगळ्यांची वावरं हिरवीगार झाली होती. आपल्या वावरातला गहू मात्र तांबेऱ्याच्या रोगानं तांबडा झाला होता. मी संक्रांतीला अकोल्याच्या कॉलेजातून घरी आलो, तर तुम्ही गव्हातून चालत येताय आणि तुमचं धोतर गुडघ्यापर्यंत विटकरी भुकटीनं माखलेलं आहे. तुम्ही ते झटकतही नाही. धुऱ्यापाशी येऊन थांबता. धुऱ्याच्या पलीकडे काकाचं जवस, ऐन फुलावर आलेलं. वरून निळं निळं, आणि खाली पानांवर तशीच भुकटी, जरा पिवळसर. काका खुरपं हातात घेऊन उभा. तुम्ही म्हणालात, "उपट हे."

"फुलावर आहे ना दादा."

"तुह्या जवसानंच माह्या गव्हाले तांबेरा आनला. उपट म्हन्तो ना."

काका वाद घालेल असं मला वाटलं होतं. मी असतो तर घातला असता, मला तेवढंच येतं. पण त्यानं एकदा तुमच्या धोतराकडे पाहिलं, खुरपं बाजूला टाकलं आणि वाकला. काकू आणि तो, दोघांनी मिळून सगळं जवस उपटलं आणि वावराच्या मध्यभागी ढीग करून पेटवलं. तुमचा गहू त्यानं वाचला नाही. दाणे पोचट निघाले, आणि मळणी झाल्यावर त्या विषयावर आपल्या घरात कोणी काही बोललं नाही. काकाही बोलला नाही. तो आपला रोजच्यासारखा दिवेलागणीला यायचा, ओसरीच्या खांबाला टेकून बसायचा, बैलांपासून सरकारपर्यंत सगळ्यांना शिव्या द्यायचा, मायच्या हातची भाकर मोडायचा आणि जायचा. आपलं उभं पीक ज्याच्या सांगण्यावरून जाळलं त्याच्या ओसरीवर माणूस असा कसा बसू शकतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटे, काका बावळट आहे.

पुढच्या हिवाळ्यात मी कॉलेज संपवून नोकरीच्या हुकमाची वाट पाहत घरी बसलो होतो. रिकामा आणि नुकताच शिकलेला माणूस घरात असणं किती धोक्याचं, ते त्या वर्षी तुम्हाला कळलं. काकानं त्या साली जवस पेरलंच नव्हतं, हरभरा टाकला होता, आणि तरीही तुमच्या गव्हावर तांबेरा उतरला. तेव्हा तुम्ही वाऱ्याची दिशा बघत शेजारच्या गावात कोणी जवस पेरलंय का याची चौकशी सुरू केलीत. मी म्हटलं, बाबा, जवसाच्या तांबेऱ्याचा गव्हाच्या तांबेऱ्याशी संबंध नाही. तुम्ही म्हणालात, "तांबेरा तो तांबेरा." एवढ्यावर मी गप्प बसलो असतो तर आज हा कागद काळा करत बसलो नसतो.

मी फुटक्या मडक्यांची बुडं जमवली, त्यांत माती भरून काहींत गहू लावला, काहींत जवस. रोपं बोटभर झाली तेव्हा शेजारच्या गावातून तांबेरलेलं जवस आणलं, आपल्या वावरातून तांबेरलेला गहू आणला. पानांवर पाणी शिंपडून जवसाची भुकटी गव्हाला चोळली आणि गव्हाची जवसाला. काही रोपांना मुद्दाम आपापल्याच पिकाची चोळली. वर टोपल्या पालथ्या घालून ओलं गोणपाट टाकलं. तुम्ही येताजाता बघत होता आणि मायला विचारत होता, "हा काय अंडे उबवून राह्यला काय वं?" पण गोणपाट वाळलं की त्यावर पाणी कोण मारत होतं? मी तर दुपारी झोपलेला असे.

मग पानं बोलायला लागली. गव्हाच्या तांबेऱ्यानं गहू तांबडा केला, जवसाच्या तांबेऱ्यानं जवस. ज्या गव्हाला जवसाची भुकटी चोळली होती, तो मात्र हिरवागार, जसा काही त्याला कोणी शिवलंच नव्हतं. मी ओसरीवर ती सगळी खापरं ओळीनं मांडली आणि, तुम्ही मला थांबवण्याआधी, व्याख्यान दिलं. तांबेरा हे नुसतं आडनाव आहे, म्हटलं, घराणं नव्हे. पाटील काय गावोगाव असतात, म्हणून सगळे एकमेकांचं सुतक पाळतात का? जवसावरची बुरशी वेगळ्या रक्ताची, गव्हावरची वेगळ्या. एकीला दुसरीच्या घरात शिरता येत नाही, दार उघडं टाकलं तरी. आणि पुढे ऐका, एकट्या गव्हाच्या तांबेऱ्यातही पोटघराणी आहेत. एक आपल्या बन्सी गव्हावर तुटून पडतं आणि शेजारच्या वाणाला हात लावत नाही, दुसऱ्याचं नेमकं उलट. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखीच दिसतात. फरक असतो तो वाडवडलांकडून आलेल्या गुणांत, आणि तो पानावर चोळून पाहिल्याशिवाय कळत नाही. तुमच्या गव्हाचा तांबेरा काकाच्या वावरातून आलाच नाही. आमचे शिक्षक सांगायचे, तो दूर दक्षिणेतल्या डोंगरांवरून वाऱ्यावर येतो.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "म्हंजे वाऱ्यासंग भांडू काय मी?"

चुलीपाशी माय हसली. मीही हसलो. इतकं नेमकं वाक्य मला पुढच्या सगळ्या लेखांत मिळून एकदाही साधलेलं नाही. हसला नाही तो फक्त काका. तो नेहमीप्रमाणे खांबाशी बसला होता. त्यानं ते हिरव्या गव्हाचं खापर उचललं, फिरवून फिरवून पाहिलं, पानं उलटी करून पाहिली. खापर जागेवर ठेवलं आणि तुमच्याकडे वळला.

"दादा, एक डाव म्हन, का जवसाचा दोष नव्हता."

तुम्ही म्हणालात, "खापरातलं खापरात, वावरातलं वावरात."

"उपटल्याचं मले काही नाही. तू सांगतलं, मी उपटलं. पन आता म्हन."

"भाकर खाय," तुम्ही म्हणालात.

काका उठला. चपला घातल्या, त्याही हळूहळू, म्हणजे तुम्हाला वेळ मिळावा इतक्या हळू. तुम्ही बिडी शोधत होता. ती तुमच्या कानावरच होती. काका गेला आणि त्यानंतर ओसरीवर आला नाही. दुसऱ्या दिवशी दिवे लागले, खांब तसाच रिकामा. मायनं भाकरी थापता थापता मला ऐकवलं ते मी अजून विसरलेलो नाही: "तुले कोनं सांगतलं व्हतं शोध लावाले? रोज येत व्हता तो."

बाबा, हा हिशेब मला आजही लागत नाही. जवसावर खोटा आळ होता तोवर तुमचं दोघांचं येणंबसणं चालू होतं. काकाला मनातून ठाऊकच असावं की जवस निर्दोष आहे. त्यानं पीक तांबेऱ्यासाठी उपटलं नव्हतं, तुमच्या शब्दासाठी उपटलं होतं, आणि तुम्हालाही ते कुठंतरी माहीत होतं म्हणून तुम्ही दोघं एकत्र भाकर खाऊ शकत होता. मी खापरं मांडली आणि त्या दिवसापासून तुमच्याकडे त्याचा एक शब्द थकला. खरं सांगितलं की सगळं सुरळीत होतं असं मी समजत होतो. आता लोक मला विचारतात, तुम्ही शेतकी सोडून लिहायला का लागलात? मी काहीतरी चटपटीत उत्तर देतो.

पुढं तुम्ही जे जे केलंत तेही मी पाहिलंय. पोळ्याला पुरणपोळीचं ताट झाकून माझ्या हाती त्याच्याकडे धाडायचात. काका ताट धुवून, त्यात हरभरे नाहीतर बोरं घालून परत करायचा, आणि विचारायचा, "काही म्हने काय?" मी सांगायचो, नाही. "मंग ठीक." जवस मात्र त्यानं पुन्हा कधी पेरलं नाही. त्याच्या बैलाचा पाय मोडला तेव्हा तुमची जोडी सकाळी त्याच्या वावरात उभी होती, तुम्ही नव्हता. तुमचे शेवटचे दिवस आले तेव्हा मी उशाशी बसून वाट पाहिली. एकदा तर विचारलंच, काकाला काही निरोप द्यायचा का? तुम्ही आढ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "मोटारीचा पट्टा ढिला झाला, पाहून ये." मी विहिरीवर जाऊन पट्टा पाहून आलो. घट्ट होता. काकानं तुम्हाला खांदा दिला, राखेवर पाणी घातलं, आणि ओसरीवर पाऊल न ठेवता बाहेरून बाहेर निघून गेला.

आणि आता परवा त्याचा सांगावा आला. घाट उतरून गेलो. काका खाटेवर पडून आहे, छाती भरलेली, आवाज तेवढा शाबूत. म्हणाला, "बस. एक विचारतो. हासू नोको, अन् पेपरात लिहू नोको." मी बसलो. "तुहा बाप शेवटी माह्याबद्दल काही बोलला व्हता काय बे?"

दुसऱ्यांचं खोटं उघडं पाडून जगणारा माणूस मी. मी लगेच म्हटलं, "बोलले व्हते ना."

"काय बोलला?"

इथं माझी सगळी लेखणी वाळली. मी म्हटलं, "म्हने, जवसाचा दोष नव्हता. चुकलं माहं. त्याले सांगजो."

काका खोकला लागेपर्यंत हसला. "कोन? दादा? 'चुकलं माहं' म्हने? अबे, तो शब्द त्याले येतच नव्हता. मरता मरता शिकला काय?" काकानं डोळे मिटले. पडल्या पडल्या ओठ हलवत होता, जसं कुणाचं तरी बोलणं आठवतोय. मग म्हणाला, "तो असा म्हनला असंन... 'त्याले म्हना, जवस पेर बे. काऊन बसला?' असंच ना?"

"हाव काका," मी म्हटलं, "असंच. माह्याच ध्यानात नीट नव्हतं."

तेव्हापासून जो भेटायला येईल त्याला काका हे वाक्य ऐकवतो आहे. चुलतभावाचा निरोप आला, काका उशी लावून बसतो, आणि कोणी समोर आलं की सुरू होतो: दादा शेवटी असा असा म्हनला. गावभर झालंय. आता तुम्ही स्वतः येऊन 'मी असं बोललोच नाही' म्हणालात तरी तुमचं कोणी ऐकणार नाही.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून एवढं खरं लिहून टाकतो. तुमच्या नावावर खोटं बोललो याचं मला वाईट वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. जीव अस्वस्थ आहे तो दुसऱ्याच कारणानं. तुमचं वाक्य काकाला पडल्या पडल्या जमलं, आणि मला जमलं नाही.