कुंपणाशी बोललेलं

६ मार्च
पुन्हा बूट. चिखल वाळून दगड झालाय. चमच्याच्या दांड्याने खरवडत होते, तर मुलगा वरून म्हणतो, आई, हळू, महागाचे आहेत. मग बस की तू खाली! मापापेक्षा मोठे घेतलेत, टिल्लू पुढे कापूस कोंबून खेळतो. पाय वाढेल म्हणे.
टिल्लू म्हणाला, "आजी, तू गोलकीपर हो. तुझं तोंड बघून बॉल मागे फिरेल." नातू माझाच.

९ मार्च
मुलाने जाहीर केलं — जूनपासून टिल्लूची शाळा बंद, दिवसभर क्लबात. फुटबॉलवरच पोट भरायचं. सून वाढत राहिली. मी म्हटलं, तुला कुणी संघात घेतलं नाही, टायरच्या दुकानात बसलास, आता पोराच्या पायांनी खेळणार का? ताट ढकलून उठला. उठू दे. मी पोटभर जेवले.

१२ मार्च
मैदानावर गेले. कुंपणाला लागून आईबाप घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. प्रत्येकाच्या घरी जगज्जेता जन्मलाय! एक बाई तर पोराने पास चुकवला की घसा फोडते.
कोचला मी शिट्टीवाला म्हणते. सुटल्यावर त्याला अडवलं. विचारलं, इतकी वर्षं शिकवतोस, किती पोरं यावर जगतात?
इकडेतिकडे बघून म्हणाला, "आजी, खरं सांगू? एक. तोही राखीव म्हणून बाकावर बसून असतो."
आणि आमचा?
"त्याला खेळ कळतो. खेळू दे. पण शाळा सोडवू नका."
भांडायची तयारी करून गेले होते. फुकट गेली.

१३ मार्च
घरी सांगितलं. मुलगा म्हणाला, तू मनचं सांगतेस. स्वतः शिट्टीवाल्याला फोन लावला. बराच वेळ नुसतं हं, हं. मग तोंड पाडून म्हणाला, शाळा चालू राहू दे.
टिल्लूने विचारलं, खेळ राहील ना? राहील म्हटल्यावर माझ्या ताटातलंही खाल्लं मेल्याने.

१५ मार्च
राहवलं नाही. त्या घसा फोडणारीला म्हटलं, कशाला ओरडतेस बाई, इथून आजवर एकच पोर पुढे गेलंय. सगळ्या खुर्च्या वळल्या. कोण म्हणतं असं? मी म्हटलं, तुमचाच कोच. काय एकेकाची तोंडं झाली! घरी येईपर्यंत हसत होते.

२२ मार्च
शिट्टीवाल्याला काढलं. पोरांची उमेद मारतो, अशी आईबापांनी क्लबाच्या वरच्यांकडे तक्रार केली. नवा आलाय, गुळगुळीत. म्हणाला, इथलं एकही पोर मागे राहणार नाही. खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या मुलानेही. जूनपासून शाळा बंद, हे पुन्हा ठरलं.
संध्याकाळी बूट घेऊन बसले, तर टिल्लूने हातातून काढून घेतले. "सरांचं नाव तूच सांगितलंस ना? राहू दे. मी करतो."
चमचा माझ्याकडेच राहिला.